ज्याचा दगड त्यानं काढायचा

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला तर वाचल्याची खूण दिसते आणि दिवसभर उत्तर येत नाही, ते मला सोसत नाही. पत्राचं बरं असतं. तू ते वाचलंस की टोपलीत टाकलंस हे मला कळायला मार्ग नाही, त्यामुळे वाचलंस असं धरून चालता येतं.

कामाचंच लिहिते. आपल्या मागच्या उतारावरून रस्ता जाणार आहे. जुन्या खाणीपासून खालच्या ओढ्यापर्यंत सगळा उतार कापणार, तसा कागद फाटकावर चिकटवून गेलेत. घर वाचतंय. कुंपणाच्या अलीकडचं सगळं वाचतंय. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आता आपलीही तेवढीच राहणार.

मी रस्त्याच्या कचेरीत जाऊन साहेबांना भेटले. माणूस वाईट नाही, फक्त समोरच्याकडे न बघता बोलतो. म्हणाला, "उतारावर दुर्मीळ जनावर असेल तर रस्ता वरच्या अंगानं वळवता येतो. पण ते सर्वेक्षणात दिसायला हवं." मी म्हटलं, आहे की, मिचकी. त्यांनी शास्त्रीय नाव विचारलं. ते मला कुठलं यायला! मी सांगितलं, पाय नसलेल्या पालीसारखी असते, तांबूस, चकचकीत. बघणाऱ्याला सापच वाटतो. पण सापाला पापण्या नसतात आणि हिला असतात, ही डोळे मिटते, म्हणून आमच्या घरात ती मिचकी. साहेब म्हणाले, "म्हणजे ती डोळा मारेपर्यंत समोर बसून राहायचं?" मी म्हटलं, "हो, माझ्या भावाला त्याचाच पगार मिळतो."

सर्वेक्षणाचं काम तुमच्या कंपनीला मिळालंय, हे तिथेच कळलं. आधी धस्स झालं. मग बरं वाटलं. धाकट्या, तू स्वतः ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तू आणि बाबा ज्यावरून भांडलात ते आता पार शिळं झालंय. ते म्हणाले, खोदणाऱ्यांच्या पगारावर जनावरं मोजणार का तू. तू म्हणालास, मी नाही गेलो तर असा कोणी जाईल ज्याला साप आणि पाल यातला फरक कळत नाही. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर ते मिटलं नाही. त्यांच्याशी बोलू नकोस हवं तर. पण उतारावर तू जा, आणि जाण्याआधी दार वाजव, म्हणजे मी तुझ्याबरोबर येईन.

बाबा ठणठणीत आहेत. दर रविवारी वर जाऊन पत्रे उचलून बघतात. पत्रे तेच, जुन्या छपराचे गंजके, तुम्ही दोघांनी ओढत नेऊन उतारभर पसरलेले. उन्हानं तापले की खाली जनावरं ऊब घेत पडतात. मला त्या प्राण्यांची किळस आहे हे जगजाहीर आहे, तरी तुमचे नियम मला पाठ आहेत. पत्रा उचलायचा, बघायचं, हलकेच टेकवायचा आणि वर एक दगड ठेवायचा. दगड म्हणजे या आठवड्यात पाहून झालंय, पुन्हा छळू नका. आणि ज्याचा दगड त्यानं काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बाबा तो घराकडच्या कोपऱ्यावर ठेवायचे. तू मधोमध दणकन ठेवायचास आणि बोलणी खायचास.

ठेवायचे म्हणजे ठेवतात. अजूनही ठेवतात.

ताई

३ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही, म्हणजे पोचलं असणार. नकार द्यायचा असता तर तू नक्की लिहिलं असतंस, तेवढा उत्साह तुझ्यात आहे.

साहेबांना पुन्हा भेटले. सर्वेक्षणाची तारीख ठरवत नाहीत म्हणाले. थंडी सरून पहिला उबदार, वारा पडलेला दिवस उजाडला की सर्वेक्षक येतात. हे मला सांगायला कचेरीची गरज नव्हती. आपल्या घरात सगळ्या सहली त्याच दिवशी निघायच्या. आई म्हणायची, लोकांच्या घरी पाहुणे बघून बेत ठरतो, आमच्याकडे पाली बघून. एकदा माझा वाढदिवस असाच त्या दिवशी आला होता. तुम्ही दोघं सकाळी जे पालथे पडलात ते दुपारपर्यंत, आणि संध्याकाळी मला भेट म्हणून सापाची कात दिलीत, अख्खी, डोळ्यांच्या खाचांसकट. मी किंचाळले. ती कात अजून माझ्या कपाटात आहे, हे तुला माहीत नसेल.

माझं काम चालू आहे. हॉस्पिटलात तेच, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. दिवसभर माणसांच्या हाडांचे फोटो काढायचे. परवा एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, एवढं आत बघतेस, काही चांगलं दिसतं का कधी?" मी म्हटलं, आजोबा, चांगलं असेल तर काहीच दिसत नाही, तेच चांगलं.

बाबा मजेत. काल चहात मीठ पडलं, पण बरण्या दोन्ही सारख्या आहेत, माझीच चूक, बदलायला हव्यात. आई कुठे गेली, असं विचारत होते. म्हणजे आईचा फोटो कुठे गेला, असं. भिंत रंगवायची म्हणून मी काढून ठेवलाय.

उतारावरची जनावरं त्यांना पाठ आहेत. या वर्षी अजून सापसुरळ्या बाहेर पडल्या नाहीत म्हणाले, जमीन गार आहे. मिचकी विचारलं तर म्हणाले, "ती येते तेव्हा येते. बोलावून येत नाही. तुझ्या भावासारखी आहे."

बघ, तुझं नाव काढतात ते. राग असता तर काढलं असतं का?

ताई

११ मार्च

धाकट्या,

घाईत लिहिते. उद्या बाबांना घेऊन हॉस्पिटलात जाणार आहे. काही विशेष नाही. माझी ड्युटी आहे आणि त्यांना घरी बसून कंटाळा येतो. मागच्या आठवड्यात उतारावरून पाय घसरला होता, खरचटलंय फक्त, तेही दाखवून घेईन.

हवा अजून बोचरी आहे, आभाळ आहे. तुमचा दिवस या आठवड्यात काही उजाडत नाही. पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून घरीच आहे. तेव्हा ये.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

तू येऊन गेलास.

बाराव्या तारखेला, म्हणजे मी ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आम्ही निघालो तेव्हा धुकं होतं आणि दुपारी हॉस्पिटलच्या दारातून बाहेर आले तर ऊन असं पडलेलं की स्वेटर काढावा लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी म्हटलं, पहिल्याच दिवशी कोण कशाला येईल.

हे मला आज कचेरीत कळलं. साहेब कागद चाळत म्हणाले, "बाई, दुर्मीळ असं काही आढळलं नाही. मंगळवारी काम सुरू होईल." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "एक विचारू? हे दगडांचं काय प्रकरण आहे?"

मी म्हटलं, कसले दगड?

"सर्वेक्षक लिहितात, पत्र्यांवर दगड होते. म्हणजे जागेच्या माहितगारानं याच आठवड्यात तपासणी केलेली आहे, म्हणून पुन्हा उचलले नाहीत. खाणीच्या काठावरचा एकच पत्रा दगडाविना होता. तो उचलला, खाली काही नव्हतं. उन्हात बसलेलंही काही दिसलं नाही." मग ते म्हणाले, "तुमचं आणि यांचं आडनाव एकच आहे."

मी खुर्चीत बसले. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

धाकट्या, ते दगड बाबांचे नव्हते रे. माझे होते.

आता सगळं सांगते, कारण आता लपवून काही वाचणार नाही. बाबा ठणठणीत नाहीत. थंडीच्या सुरुवातीपासून नाहीत. सकाळी पत्रे बघून यायचे, चहा प्यायचे, कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "चल, पत्रे बघून येतो." दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. दगड ठेवायचं कधीच विसरले होते. ज्या माणसानं आपल्याला दोन बोटांनी पत्रा कसा उचलायचा ते शिकवलं, तो एकेक पत्रा धाडकन पालथा करून तसाच टाकून पुढे जायचा. अशानं खाली कोण राहील? तूच सांगायचास, दोनदा छळलं की ती जागा सोडतात. शिवाय पाय घसरला तो असाच, अंधार पडता पडता.

दार लावून बघितलं. खिडकीतून गेले. ओरडून बघितलं. लहान मुलासारखे रडले, ते मला परत बघायचं नाही. मग मला तुमचा नियम आठवला. एका सकाळी ते उठायच्या आत मी ओढ्यातले दगड पाटीत भरून वर नेले आणि दिसेल त्या पत्र्यावर ठेवून आले, घराकडच्या कोपऱ्यावर, ते ठेवायचे तसेच. खाणीच्या काठाला झुडूप आहे, त्या पलीकडे मी कधीच जात नाही, म्हणून तिथला तेवढा राहिला. बाबा वर गेले, बघितलं, आणि खाली आले. म्हणाले, "या आठवड्याचं झालंय माझं." इतके शांत बसले त्या दिवशी. स्वतःच्या डोक्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, पण दगडावर होता. मग मी ते दगड तसेच राहू दिले. सर्वेक्षणाला कोणी आलं तर आधी दार वाजवील, मग मी धावत जाऊन काढीन, असा माझा हिशेब होता. आणि नेमकं त्याच दिवशी आम्ही दोघं घरात नव्हतो. कंटाळा येतो म्हणून नाही गेले मी त्यांना घेऊन. डोक्याची तपासणी होती. फिल्म मीच काढली. हलू नका, मी म्हटलं, आणि ते हलले नाहीत. जे दिसायला नको होतं ते सगळं दिसलं.

आणि तुला मी काय लिहीत होते? ठणठणीत आहेत, दर रविवारी पत्रे बघतात. तू ते वाचलंस. तू वर गेलास, बाबांचे दगड बाबांच्या कोपऱ्यावर पाहिलेस आणि समजलास की म्हातारा अजून तसाच ताठ आहे. या आठवड्यात त्याचं सगळं पाहून झालंय आणि मिचकी दिसली असती तर त्यानं कचेरी डोक्यावर घेतली असती. मी तुझ्या जागी असते तर हेच समजले असते. मी एकदा जरी खरं लिहिलं असतं तर तू सगळे दगड लाथेनं उडवले असतेस.

पण मी का लिहावं? तू हळहळला असतास. फोन केला असतास, पैसे पाठवले असतेस, एखाद्या आश्रमाचं नाव सुचवलं असतंस. मला तुझी दया नको होती. मला तू त्या रागासकट यायला हवा होतास, कारण राग होता तोवर बाबा अजून बाबा होते.

तू दार वाजवलंस का रे? एवढंच मला कळायला हवं.

साहेबांना मी खरं सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, हे मी वर कसं लिहू? की दगड खोटे होते?" मग म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत जिवंत मिचकीचा फोटो आणा. तुमच्याच उतारावरचा. मग बघू." तुमच्या कंपनीत फोन केला. एक मुलगी म्हणाली, सर डोंगरात आहेत, तिथे फोन लागत नाही, महिनाअखेरीला येतील. मी म्हटलं, मी त्यांची बहीण. ती म्हणाली, "सरांना बहीण आहे?" त्या पोरीचा काय दोष.

म्हणजे हे पत्र तुझ्या टेबलावर पडून राहणार आणि तू वाचशील तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते. साप निघून गेल्यावर भुई धोपटायची, तसं.

ताई

२४ मार्च

धाकट्या,

आज सोमवार. रात्र बरीच झालीय, पण लिहून टाकते.

तीन दिवस आभाळ होतं. काल तर भुरभुर पाऊस. मी खिडकीशी बसून शिव्या घालत होते, कुणाला ते विचारू नकोस. आज सकाळी उठले तर आकाश धुऊन ठेवल्यासारखं, वारा नाही, भिंतीला हात लावला तर ऊब. तुमचा दिवस. बाबांनी उठल्या उठल्या नाकानं हवा ओढली आणि म्हणाले, "आज बाहेर पडतील." माझं नाव त्यांना दोन दिवसांपासून सापडत नाहीये, पण हे सापडलं.

मी रजा टाकली होती. बाबांना जाड बूट घातले, पाण्याची बाटली घेतली आणि फाटक उघडून वर निघालो. मी आधी दगड काढणार होते, मग बाबांच्या हातून एकेक पत्रा उचलणार होते.

पत्रे नव्हते. सगळ्या उतारावर एकही नव्हता. रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या ठोकायला आलेल्या माणसांनी काल ते ओढून खाली रस्त्याच्या कडेला ढीग घातला होता, भंगारवाल्यासाठी. माझे दगड इकडे तिकडे पडले होते. जिथे पत्रे होते तिथे गवताचे पिवळे चौकोन राहिलेत, दार उघडून फर्निचर नेलेल्या खोलीसारखे. बाबा एका चौकोनाशी उभे राहिले आणि मला विचारलं, "आपण चुकीच्या उतारावर आलो का?"

मी म्हटलं, नाही, बरोबर आलोय.

मग आम्ही शोधलं. मला शोधता येत नाही, तुला माहीतच आहे. मला सगळीकडे साप दिसतो, म्हणजे खरा कुठेच दिसत नाही. बाबा मात्र बदलले रे. वाकून, पाय टेकवण्याआधी पुढे सावली पडत नाही ना ते बघत चालायला लागले. "सावली मागे ठेव," मला म्हणाले, "तुझी सावली तुझ्या आधी पोचली की संपलं." बांधाच्या फटीत एक सापसुरळी दाखवली, मला आधी नुसती चमक दिसली. खुंटीवर एक सरडा बसला होता, लाल फडक्याच्या शेजारी, मान वर-खाली करत. बाबा म्हणाले, "याला वाटतंय ही खुंटी त्याच्यासाठीच ठोकली." दोघं हसलो. खालच्या दगडांत एक साधा साप ऊन खात पडला होता, गुंडाळून. मी मागे सरकले. बाबांनी बसून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मिटत नाही." मग आम्ही पुढे गेलो.

दुपारी एका पिवळ्या चौकोनात मला काहीतरी तांबूस दिसलं. बोटभर. मी बाबांना हाक मारली, आवाज फाटला माझा. ते आले, गुडघ्यावर बसले. शेपूट होतं. मिचकीचं. पत्रा ओढताना तिनं टाकलं असणार. टोकाला मुंग्या लागल्या होत्या. म्हणजे काल सकाळपर्यंत ती तिथेच होती, धाकट्या. बाराव्या तारखेलाही असेल. माझ्या दगडाखाली. तू वाकला असतास तर ती तुझ्याकडे बघून मिचकली असती.

मी फोटो काढला आणि तिथूनच साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, शेपटीवर रस्ता वळत नाही. जिवंत हवी." चिडून नाही म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

बाबांनी ते शेपूट उचलून खिशात ठेवलं आणि वर बघितलं. "काठावरचा एक राहिला," म्हणाले. मी तर तो विसरलेच होते. खाणीच्या काठापर्यंत ती माणसं गेली नव्हती, झुडपामुळे. माझ्या अंगात एकदम बळ आलं. जी पळाली ती वर जाऊन तिथेच शिरली असेल, एकच पत्रा उरलाय, जाणार कुठे! बाबांना पुढे घालून, मागून ढकलत, काटे ओरबाडून घेत आम्ही वर चढलो. घड्याळ बघितलं तर कचेरी बंद व्हायला अजून अवकाश होता. तिथे ऊन होतं, पत्रा तापलेला होता, बाबा म्हणाले नेमकं एवढंच तापायला हवं.

पत्र्यावर तुझा दगड होता. पांढरा, मधोमध.

बाबा थांबले. त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला लिहिता येणार नाही. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी असं लख्ख काहीच ओळखलं नव्हतं, मला नाही, आरशाला नाही. "धाकटा!" म्हणाले. "मधोमध. किती वेळा सांगितलं याला. पत्रा वाकतो मध्ये." आणि रडायला लागले, हसत. "आला होता की गं."

मी म्हटलं, "हो, आला होता." खोटं नव्हतं, म्हणून सांगते.

मग मी खाली वाकून दगडाला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात आता जोर काही नाही, एका झटक्यात सुटले असते. "काय करतेस?" म्हणाले. "त्याचा दगड आहे."

"बाबा, एकदाच. बघून परत ठेवते."

"ज्याचा दगड त्यानं काढायचा."

"बाबा, उद्या हे सगळं जाणार आहे. खाली ती असेल तर वाचेल सगळं. एकदाच."

ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना माझं एक अक्षर कळत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की कुणीतरी बाई त्यांच्या मुलाचा दगड उचलतेय. "त्याला येऊ दे," म्हणाले. "तो येईल आणि काढील. मी त्याला सांगितलंय तसं."

मी हात काढून घेतला.

मला विचारू नकोस का. उतार आज ना उद्या गेलाच असता असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही, एका फोटोनं तो वाचला असता. मी तो फोटो काढला नाही. ते त्या पत्र्याशेजारी मांडी घालून बसले, तळवा त्यावर ठेवून, आणि मला म्हणाले, "बस." मी बसले. खाली ढिगाशी भंगारवाला येऊन पत्रे गाडीत टाकत होता, त्याचा आवाज वर येत होता. बाबा तुझ्याबद्दल बोलत होते. तू पहिल्यांदा मिचकी धरलीस आणि शेपूट हातात राहिलं, मग घाबरून ते तिला परत चिकटवायला धावत होतास. हे मी विसरले होते. त्यांच्या लक्षात आहे. काय राहतं आणि काय जातं याला काही धरबंध नाही.

सावली पत्र्यावर आली तेव्हा कचेरी बंद होऊन गेली होती. मग पत्रा गार झाला आणि आम्ही उतरलो.

ताई

२८ मार्च

धाकट्या,

यंत्र वरून, काठापासूनच सुरू झालं. मी मागच्या दारात उभी होते. पत्रा दगडासकट वर गेला आणि वाकडा होऊन मातीत पडला. त्याखालून काही निघालं का, ते इतक्या लांबून दिसलं नाही. आता खाणही नाही आणि झुडूपही नाही. आपल्या मागच्या दारातून आधी उतार दिसायचा, आता आभाळ दिसतं. लोक म्हणतात घर मोकळं झालं.

बाबा कुंपणापर्यंत जातात आणि परत येतात. पलीकडे बघून विचारत नाहीत की काय झालं. दारात खुर्ची टाकून दिलीय, तिथे बसतात. शेपूट मी त्यांच्या खिशातून काढलं, ते वाळून काडी झालं होतं. कातीशेजारी ठेवलंय. ते त्याला शोधत नाहीत.

मला आता ते बाई म्हणतात. "बाई, चहा झाला का?" मी म्हणते, झाला.

पण ऊन पडलं की दुपारी एकदा विचारतात, आणि तेवढ्यापुरते ते पूर्वीचे असतात. मी काम टाकून जवळ जाऊन बसते.

"धाकटा आला होता ना गं?"

"आला होता."

"काय दिसलं त्याला?"

"मिचकी दिसली म्हणाला."

"डोळे मिटले तिनं?"

"मिटले. मग उघडले."

"दगड ठेवला?"

"ठेवला. मधोमध."

मग ते जीभ टाळ्याला लावून च्यक करतात आणि मान हलवतात, तुझ्या मूर्खपणावर, आणि संध्याकाळपर्यंत बरे असतात. रोज तेच विचारतात, रोज मी तेच सांगते.

ही तिन्ही पत्रं तू एकदमच वाचशील. रागव, रड, काय वाटेल ते कर, मला लिहून कळवायची गरज नाही. पण कधी आलास तर ते तुलाही विचारतील, दगड काढलास का. तेवढं सांभाळ.

अजून नाही, असं सांग.

ताई